पश्चिमेची खिडकी

वास्कोत फ्लॅट पाहायला गेलं की दाखवणारा माणूस आधी पश्चिमेची खिडकी उघडतो. इमारतींच्या फटीतून समुद्राचा तुकडा दिसतो, वारं आत येतं आणि पाहायला आलेल्या कुटुंबाचं मन तिथंच बसतं. ही भेट बहुतेक वेळा दुपारी बाराच्या आसपास ठरते. खारं वारं नुकतंच सुटलेलं असतं आणि ऊन अजून त्या भिंतीवर आलेलं नसतं. त्याच खिडकीपाशी एप्रिलात संध्याकाळी पाच वाजता उभं राहावं. ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलेलं असतं आणि लाद्या पायाला गरम लागतात. जुलैत रात्री उभं राहावं. पावसाची झड गादीपर्यंत येते म्हणून खिडकी बंद करावी लागते, आणि बंद खोलीत चादर अंगाला चिकटत राहते.

माझं बालपण अशाच एका खिडकीच्या घरात गेलं. पहिल्या उन्हाळ्यात आईने जाड पडदा लावला. दोन-तीन वर्षांनी काचांवर काळी फिल्म आली. मग त्या खिडकीला पाठ लावून कपाट उभं राहिलं, आणि शेवटी कपाटाच्या वर एसी बसला. जिच्यासाठी वडिलांनी शेजारच्या फ्लॅटपेक्षा जास्त पैसे मोजले होते, ती खिडकी वीस वर्षांत भिंत झाली. पुढे वास्तुकला शिकले, वास्को, पेडणे आणि डिचोली या तीन ठिकाणी कामं केली, आणि दर वेळी घरमालकाशी बोलताना गाडी याच खिडकीपाशी येऊन थांबली. हे पुस्तक त्या बोलण्यांतून तयार झालं आहे. गोव्यात घर बांधू पाहणाऱ्यांसाठी, त्यांच्या मेस्त्रींसाठी आणि वास्तुकलेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ते लिहिलं आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर घर बांधण्याची खरी अडचण एका वाक्यात सांगता येते. दुपारचं तापतं ऊन, हवंहवंसं वारं आणि झोडपणारा पाऊस, तिन्ही पश्चिमेकडूनच येतात. ऊन टाळायला भिंत बंद केली तर वारं गेलं. वाऱ्यासाठी उघडली तर ऊन आणि पाऊस आत. उरलेलं सगळं शास्त्र या पेचाभोवती फिरतं.

घाटावरच्या वाचकाला हा पेच चटकन कळत नाही, कारण तिथला उन्हाळा वेगळा. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान विभाग पाडले आहेत. विदर्भाचा बराच भाग उष्ण-कोरड्या किंवा संमिश्र विभागात मोडतो, गोवा आणि कोकण उष्ण-दमट विभागात. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. वास्कोत तो सहसा पस्तिशीच्या आतच राहतो. नुसता आकडा पाहिला तर गोवेकराने तक्रार करू नये. पण नागपुरात घाम आल्याआल्या वाळतो. इथे तो वाळत नाही, कारण हवेतच ओल भरलेली असते. नागपुरातलं जुनं घर दिवसा दारं-खिडक्या मिटून बसतं आणि रात्री उघडतं, खिडकीला वाळ्याचे पडदे, कूलर. हे सगळं तिथे बरोबर आहे. वास्कोत दिवसा खिडक्या मिटल्या तर आतली हवा जड होते, आणि पाण्याचा कूलर तिला आणखी ओली करतो. त्यामुळे जाड भिंत, लहान खिडकी आणि मधला चौक ही दख्खनची शिकवण जशीच्या तशी किनाऱ्यावर आणता येत नाही. मी ज्या पुस्तकांवर शिकले त्यांतली बहुतेक उदाहरणं कोरड्या प्रदेशांची होती. पहिली काही वर्षं माझ्या नकाशांतही त्याच चुका उतरल्या.

दमट हवेत माणसाच्या हातात दोनच उपाय असतात. घराच्या अंगावर ऊन पडू द्यायचं नाही, आणि माणसाच्या अंगावरून हवा खेळती ठेवायची. सेकंदाला एक मीटर वेगाने वारं लागलं तर अंगाला साधारण तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. खोलीचा पारा तिथेच असतो, पण घाम वाळतो. एक मीटर म्हणजे टेबलावरचा कागद जेमतेम हलवील इतकी झुळूक. एवढ्यासाठी सारा खटाटोप.

आता उन्हाकडे बघू. वास्को साडेपंधरा अंश अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच होतं. नागपंचमीनंतर वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह बसतो, त्याच्या मागेपुढे. तेव्हा आभाळ भरलेलं असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. या दोन तारखांमधले सुमारे शंभर दिवस भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ‘उत्तरेच्या भिंतीवर ऊन येत नाही’ हा उत्तर हिंदुस्थानातला नियम आमच्याकडचे मेस्त्रीही सांगतात, पण मे महिन्यात सकाळी आठ वाजता गोव्यातल्या उत्तरेच्या भिंतीला हात लावून पाहावा. तिलाही छज्जा लागतो.

तरी उत्तर आणि दक्षिण या सोप्या दिशा. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी त्याची सावली सात फूट खाली उतरते, म्हणजे अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, सावली अडीच फुटांवर येते, आणि तेव्हाचं ऊन फारसं बोचत नाही. पश्चिमेला हाच दोन फुटांचा छज्जा एप्रिलात संध्याकाळी पाच वाजता पाहावा. सूर्य क्षितिजापासून पंचवीस अंशांवर आलेला असतो आणि छज्ज्याची सावली एक फूटही भरत नाही. बिल्डरच्या नकाशात चारी बाजूंना सारखेच छज्जे दिसतात तेव्हा समजावं की सूर्याचा विचार कुणी केलेला नाही. मी तर म्हणेन, पश्चिमेच्या छज्ज्यावर घातलेलं सिमेंट उन्हाच्या हिशेबात वायाच गेलं.

मग जुन्या लोकांनी पश्चिमेला काय केलं? पेडण्यात माझ्या मामाचं घर आहे, चिऱ्याचं, कौलारू. पश्चिमेला सबंध लांबीची पडवी, आत-बाहेर आठ फूट. छप्पर पडवीवर उतरत येतं आणि त्याची वळचण इतकी खाली आहे की उंच माणूस नकळत वाकूनच आत येतो. लहानपणी आम्हाला वाटायचं, पैसे कमी पडले म्हणून ती बुटकी ठेवली. शिक्षण झाल्यावर एका सुट्टीत मी टेप घेऊन मोजमाप केलं. वळचण जमिनीपासून साडेसहा फूट. एप्रिलातलं पाच वाजताचं ऊन तिच्याखालून तिरपं शिरतं आणि आतल्या भिंतीवर जेमतेम पावणेतीन फुटांपर्यंत चढतं. खिडकीचा तळ तीन फुटांवर. ऊन पडवीच्या जमिनीवर आणि भिंतीच्या पायथ्याशी लोळतं, खिडकीत चढत नाही. वारं मात्र पडवीतून सरळ आत जातं, आणि पावसाची झड पडवीतच संपते. ज्या पेचाला मी कॉलेजात पाच वर्षं भिडत होते, तो त्या घरात कुणीतरी वळचण एक हात खाली ओढून सोडवून ठेवला होता.

पडवी, सोपा, ओसरी, बल्काव ही या एकाच कल्पनेची भावंडं आहेत. पोर्तुगीज काळातल्या घरांचा बल्काव रस्त्याकडे तोंड करून बसतो, बाकांवर संध्याकाळी माणसं गप्पा मारतात, म्हणून त्याच्याविषयी हौसेने लिहिलं जातं. ऊन-पावसाचं काम मात्र घरच्या साध्या पडवीने जास्त केलं, आणि तिच्याकडे पाहुणे म्हणून आलेल्या छायाचित्रकारांचं लक्ष गेलं नाही. पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यात एकामागून एक राजांगणं, म्हणजे मधले मोकळे चौक, आहेत. ती पाहून आलेले लोक मला विचारतात, आमच्या घरात राजांगण घालाल का? घालता येतं. पण दमट हवेत राजांगण म्हणजे राजस्थानातल्यासारखा गारव्याचा हौद नव्हे. इथे ते वाऱ्याला बाहेर पडायची वाट देतं आणि खोल घराच्या पोटात उजेड आणतं. त्याच्यावर पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक छत टाकलं की वाट बंद होते आणि खाली भट्टी तयार होते. असं छत मी एकदा ग्राहकाच्या आग्रहाखातर घातलं आणि दोन उन्हाळ्यांनी काढून टाकलं.

पश्चिमेचा पेच उंच इमारतीत सुटतो का? मुळात ज्यांचं घराणं गोव्याचं, त्या चार्ल्स कोरियांनी मुंबईत तो सोडवून दाखवला. कंबाला हिलवरची कांचनजंगा ही अठ्ठावीस मजल्यांची इमारत १९८३ साली पुरी झाली. मुंबईतही वारं पश्चिमेचं, समुद्र पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही तिकडूनच. जुन्या मुंबईतले बंगले भोवती व्हरांडा गुंडाळून घेत. कोरियांनी तोच व्हरांडा आकाशात नेला. प्रत्येक फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीची मोकळी बाग कापली, आणि राहत्या खोल्या तिच्या आड बसवल्या. बाहेरून पाहिलं तर त्या बागा इमारतीतून चावा घेतल्यासारख्या दिसतात. ती श्रीमंतांची इमारत आहे, आणि वास्कोतल्या सहकारी सोसायटीला तसं जमणार नाही हे खरं. पण खिडकी आणि आभाळ यांच्यामध्ये सावलीची एक जागा हवी, ही गोष्ट पाच फुटांच्या बाल्कनीलाही लागू पडते. आज लोक बाल्कनीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावून खोली वाढवतात. चाळीस चौरस फूट मिळतात, आणि घराची पडवी जाते.

पणजीला कांपालमध्ये मांडवीकाठची कला अकादमीही कोरियांचीच. तिथे रस्त्यावरून आत गेलं की दरवाजा असा लागतच नाही. माणूस छपराखाली येतो आणि समोर नदी दिसते. नाटकाच्या मध्यंतरात प्रेक्षक त्या सावलीत उभे असतात आणि नदीवरचं वारं मधून वाहतं. विद्यार्थ्यांना मी तिथे नेते आणि सांगते, भिंती कुठे नाहीत ते आधी मोजा.

परदेशांतही या विषयावर मोठं काम झालं आहे. ऑटो क्योनिग्सबर्गर हे जर्मनीतून परागंदा झालेले वास्तुविशारद १९३९ साली म्हैसूर संस्थानात आले, पुढे लंडनला उष्ण प्रदेशांतल्या बांधकामाचं शिक्षण त्यांनी उभं केलं, आणि १९७०च्या दशकात सहकाऱ्यांसह लिहिलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक अजून जगभर वापरलं जातं. व्हिक्टर ओल्गाय यांचा हवामान आणि वास्तुरचनेवरचा ग्रंथ १९६३चा. मी दोन्हींची ऋणी आहे. मात्र तिथे जे ‘पश्चिम’ म्हणून येतं ते ऊन तरी असतं किंवा वारं तरी. दोन्ही एकत्र, वर तीन हजार मिलिमीटर पाऊस, हा हिशेब आपला आपणच करावा लागतो.

वाऱ्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण घर बांधणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते, समुद्रावरची हवा जमिनीकडे येते, ते खारं. रात्री जमीन लवकर निवते, हवा समुद्राकडे जाते, ते मतलई. परीक्षेत पाच गुणांना आलेली ही गोष्ट घराच्या नकाशात क्वचितच येते. उन्हाळ्यात वास्कोत दुपारी पश्चिम-वायव्येचं वारं असतं. थंडीत पहाटे पूर्वेची झुळूक असते. म्हणजे दिवसा बसायच्या खोलीला एक दिशा लागते आणि झोपायच्या खोलीला दुसरी. मास्टर बेडरूम समुद्राकडे, ही जाहिरातीतली रीत या हिशेबाने उलटी आहे. ती खोली संध्याकाळभर तापते, आणि रात्री वारं दुसरीकडून येतं.

वाऱ्याला आत यायला खिडकी लागते आणि बाहेर जायला तेवढीच किंवा जास्त मोठी दुसरी खिडकी लागते. एकाच भिंतीत भलीमोठी खिडकी ठेवली तर वारं दारापर्यंत येऊन थबकतं. रात्री बेडरूमचं दार लावलं की समोरासमोरच्या खिडक्यांचा फायदा संपतो, म्हणून जुन्या घरांत दारावर झरोका असे. पूर्वी कोकणात आतल्या भिंती कौलापर्यंत नेतच नसत. वर मोकळं, हवा घरभर फिरे. एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू येई हा त्याचा तोटा, आणि आजच्या कुटुंबाला तो चालणार नाही हेही मला मान्य आहे. दारावरचा झरोका मात्र चालतो. तो परत आणावा, असं मी प्रत्येक घरमालकाला सांगते.

सरकत्या खिडक्यांचा हिशेबही करून पाहा. चार बाय चारची खिडकी म्हणजे सोळा चौरस फूट. सरकती असेल तर एका वेळी निम्मीच उघडते. सोळा फुटांचे पैसे, आठ फुटांचं वारं. केंद्र सरकारने २०१८ साली घरांसाठी काढलेल्या ‘इको निवास संहिते’त उष्ण-दमट विभागासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असावं असं आहे. इथे ‘उघडता येणारं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकशेवीस फुटांच्या खोलीला या मापाने वीस फूट लागतात, म्हणजे सरकती खिडकी चाळीस फुटांची घ्यावी लागेल. बिजागरीची झडप जवळजवळ पूर्ण उघडते आणि आणखी एक काम करते. वारं पश्चिमेकडून येतं आणि तुमची खिडकी उत्तरेच्या भिंतीत आहे, म्हणजे वारं भिंतीला घासून निघून जाणार. अशा भिंतीत दोन खिडक्या ठेवाव्यात. पश्चिमेकडच्या खिडकीची बिजागरी तिच्या पूर्वेच्या बाजूला, आणि पूर्वेकडच्या खिडकीची पश्चिमेच्या बाजूला. पहिली झडप बाहेर उघडली की शिडासारखं वारं धरते आणि आत वळवते, दुसरी झडप आतली हवा बाहेर ओढते. रात्री वारं फिरलं की दोघींची कामं आपोआप बदलतात. बिजागरी या कडेला की त्या कडेला, याला एक पैसाही जास्त लागत नाही. सुतार येण्याआधी सांगावं मात्र लागतं.

डासांची जाळी हा खरा अडथळा आहे, आणि ती नको म्हणायची सोय गोव्यात नाही. बारीक जाळी झुळकीचा बराच जोर खाते. ती खिडकीला न लावता पडवीच्या किंवा बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला लावली तर जाळीचं क्षेत्र चार-पाच पटींनी वाढतं, वारं सावकाश पण भरपूर आत येतं, आणि संध्याकाळी बाहेर बसायलाही मिळतं.

‘गरम हवा वर जाते, म्हणून उंच छत आणि वर झरोका’ हे वाक्य मी या पुस्तकात जाणूनबुजून कमी वापरलं आहे. तत्त्व खरं आहे. पण आत-बाहेरच्या तापमानात दोन अंशांचा फरक आणि दहा फुटांची उंची, यातून निघणारा ओढा फार क्षीण असतो. किनाऱ्यावर एका साध्या झुळकेपुढे त्याचा निभाव लागत नाही. वारा पडलेल्या ऑक्टोबरच्या दुपारी तेवढाच आधार असतो, आणि तेव्हा पंखा लावावा. पंखा या पुस्तकात परका नाही. नव्या मोटरचा पंखा तीस-पस्तीस वॅट घेतो, दीड टनाचा एसी त्याच्या चाळीस-पन्नास पट. घर सावलीत असेल तर पंख्यावर भागतं; भिंती तापलेल्या असतील तर पंखा गरम हवाच ढवळत राहतो.

आता पावसाचं. माझ्या मते गोव्यातल्या घराची खरी परीक्षा मे महिन्यात होत नाही. ती जुलैत होते. हवा ओलीने भरलेली, कपडे वाळत नाहीत, बुरशीचा वास, आणि वाऱ्याची गरज सगळ्यात जास्त असते त्याच वेळी झडीमुळे खिडकी लावावी लागते. छज्जा आणि पडवी उन्हासाठी असतात असं आपण म्हणतो, पण पावसात खिडकी उघडी ठेवता येणं हे त्यांचं तेवढंच मोठं काम आहे. जुन्या घरांतल्या तिरप्या पट्ट्यांच्या लाकडी झडपांनीही हेच साधलं. शिंपल्यांच्या खिडक्यांची गोष्ट वेगळी. काच दुर्मीळ होती तेव्हा चपट्या शिंपल्या घासून लाकडी चौकटीत बसवत. वास्कोजवळ चिखलीच्या खाडीत त्या शिंपल्या अजून वाढतात, आणि आता त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. त्या मिटल्या तरी दुधाळ, न टोचणारा उजेड आत राही. वारं मात्र उघडल्यावरच. त्यांची नक्कल म्हणून दुधी काच लावून खिडकी कायमची बंद करणारे बंगले मी पाहिले आहेत. त्यांनी अर्धीच गोष्ट घेतली.

डिचोलीची तऱ्हा किनाऱ्यापेक्षा थोडी निराळी. समुद्रापासून आत गेलं की दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक वाढतो. खारं वारं तिथे उशिरा आणि थकून पोचतं, पण रात्र गार होते. अशा ठिकाणी चिऱ्याची दीड-दोन फुटी भिंत कामाला येते: दिवसाची धग ती पोटात धरते आणि आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. साखळीजवळ हरवळ्याच्या जांभ्यात कोरलेल्या लेण्यांत मे महिन्यातल्या दुपारी जाऊन बसावं, म्हणजे दगडाची ताकद कळते. वास्कोत मात्र रात्रही कोंदट, त्यामुळे जाड भिंत दिवसाची धग नेमकी झोपायच्या वेळी परत देते. एकाच राज्यात, तासाभराच्या अंतरावर, एकच चिरा एका गावात गुणाचा आणि दुसऱ्या गावात झोपमोडीचा ठरतो. म्हणून ‘गोव्याचं घर’ असा एकच साचा या पुस्तकात मिळणार नाही.

छपराविषयी थोडक्यात. मंगळुरी कौल बासेल मिशनच्या कारखान्यातून १८६५ पासून निघू लागलं आणि कोकणभर पसरलं. कौलाकौलांतल्या फटींतून छप्पर श्वास घेतं, आणि ते पातळ असल्याने सूर्य मावळला की निवतं. स्लॅब चार-पाच इंचांचा असतो, दुपारची धग त्यातून तीनेक तासांनी खाली उतरते, नेमकी माणसं कामावरून घरी येतात तेव्हा. वास्कोत जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीच्या गच्चीवर गळतीसाठी पत्र्याची शेड चढलेली दिसते. ती दिसायला ओबडधोबड आहे, पण तिने नकळत दुहेरी छप्पर तयार केलं: वर पत्रा, मध्ये वाहती हवा, खाली सावलीतला स्लॅब. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना फरक विचारा. ही शेड पहिल्यापासूनच नकाशात असावी, नीट प्रमाणात, असं माझं म्हणणं आहे.

एक गोष्ट लिहिताना मन जड होतं. उघड्या खिडकीविषयी मी एवढं लिहिते, आणि वास्कोत अशी घरं आहेत जिथे खिडकी उघडली की संध्याकाळपर्यंत लादीवर काळी पूड बसते. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो, त्याची धूळ शहरावर येते, आणि २०१७ साली वास्कोत जनसुनावण्या झाल्या तेव्हा शेकडो नागरिकांनी उभं राहून हेच सांगितलं. डिचोलीतल्या खाणींच्या रस्त्यांवर ती धूळ लाल असे. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा तिथल्या बायकांनी बऱ्याच वर्षांनी अंगणात कपडे वाळत घातले. पश्चिमेचं वारं ज्या घराला मिळतं त्यालाच ही धूळ जास्त मिळते. यावर वास्तुविशारदाकडे तोडगा फार थोडा आहे: पडवीच्या कडेला वेली आणि दाट झाडी, जाळी धुता येईल अशी, आणि धुळीच्या दिशेकडे आत येणारी खिडकी न ठेवता बाहेर जाणारी ठेवणं. एवढ्याने पूड थांबत नाही. मोकळा वारा हा घराचा प्रश्न आहे तितकाच गावाचाही. नवी उंच इमारत मागच्या दहा घरांचं वारं तोडते तेव्हाही हेच दिसतं. आम्ही नकाशात स्वतःच्या भिंती काढतो, शेजाऱ्याचं वारं काढत नाही.

पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला आणि आजूबाजूच्या डोंगरांवर घरं भराभर उठू लागली. त्यांतल्या कित्येकांना पश्चिमेला जमिनीपासून छपरापर्यंत काच आहे, कारण सूर्यास्त दिसला पाहिजे. मला त्या काचेचा राग येत नाही. सूर्यास्त कुणाला नको असतो? पण तिच्याबाहेर आठ फुटांची पडवी असती तर तोच सूर्यास्त बाहेर खुर्ची टाकून, वारं घेत पाहता आला असता. आज तो पडदे ओढून, एसी लावून आतूनही पाहिला जात नाही.

पुस्तकाची मांडणी नेहमीच्या क्रमाने केलेली नाही. पाया, भिंत, छप्पर, खिडकी असा क्रम मेस्त्रीचा असतो, आणि त्याच्या कामासाठी तो बरोबर आहे. राहणाऱ्याने मात्र आधी सावली ठरवावी, मग वाऱ्याची वाट, आणि उरलेल्या जागी भिंती. त्यासाठी प्लॉटवर एक दिवस काढावा लागतो, शक्यतो एप्रिलातला. एक काठी, दोरी, खडू आणि अगरबत्ती एवढं सामान पुरतं. काठीची सावली दर तासाला जमिनीवर खडूने आखायची, अगरबत्तीचा धूर कुठे कलतो ते दर तासाला लिहून ठेवायचं, आणि संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायचं.

पहिलं प्रकरण माटवापासून सुरू होतं. लग्नाच्या आधी पेडण्यात अंगणात चार खांब उभे राहतात, वर माडाच्या झावळ्या पडतात, आणि दुपारपर्यंत तिथे पन्नास माणसं बसलेली असतात. एकही भिंत नसलेलं ते घर कसं काम करतं, ते आधी पाहू.

वास्को, वैशाख